सुट्टीतलं वाचन-लेखन: हॉलच्या अर्जापासून हस्तलिखितापर्यंत

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही साताऱ्यात आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी वाचन-लेखनाचा एक उपक्रम केला. शिबिर म्हणावं इतकं ते मोठं नव्हतं. सकाळचा दीड तास, एक हॉल, पुस्तकं आणि कोरे कागद. पण उभं करताना परवानग्या, सभासदत्व, संमतिपत्रं अशी बरीच कामं निघाली, आणि त्यातलं कुठलं आधी करावं हे सांगणारं कोणी नव्हतं. आपल्याकडेही असं करावं म्हणून काही जणींनी विचारलं, त्यांच्यासाठी झालं तसं क्रमानं लिहिते आहे.

मुलगा चौथीतून पाचवीत जाणार होता. मार्चमध्ये सुट्टीच्या शिबिरांची पत्रकं यायला लागली. पोहणं, कराटे, रोबोटिक्स, सगळं होतं, फक्त वाचन कुठे नव्हतं. घरोघरी एकच वाक्य ऐकू यायचं, "आमच्याकडे कोणी पुस्तकाला हातच लावत नाही." मला ते पुरतं पटत नव्हतं. आमच्याच घरात त्याच्या वयाची पुस्तकं होती जेमतेम पाच-सहा, तीही पाठ झालेली. शेजारी तर तेवढीही नव्हती. हात लावायला आधी पुस्तक हाताशी तर हवं! म्हणून पहिलं काम ठरवलं ते पुस्तकं आणि जागा यांची सोय लावण्याचं. मुलांना गोडी कशी लावायची हा विचार नंतरचा.

२ एप्रिलला हॉलसाठी सोसायटीकडे अर्ज दिला. सचिवकाका म्हणाले, "तोंडी सांगितलंत तरी चाललं असतं हो." तरीही मी लेखीच दिला आणि दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घालून पोहोच घेतली. तुम्हीही घ्या. अर्जात वेळ, मुलांची अंदाजे संख्या, वयोगट, हजर राहणारी दोन मोठी माणसं आणि झाडलोट कोण करणार हे सगळं लिहिलं होतं. समितीत पुढे जे प्रश्न निघाले त्यातल्या निम्म्यांची उत्तरं त्या कागदावर आधीच होती.

बैठक महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे १३ एप्रिलच्या रविवारपर्यंत थांबावं लागलं. पंखे-दिव्यांचं बिल कोण भरणार, दंगा झाला तर काय, हे अपेक्षित होतं. मग "बाहेरची मुलं" असा विषय निघाला. म्हणजे वॉचमनकाकांची दोन मुलं आणि इस्त्रीवाल्या काकांचा मुलगा. ही मुलं आमच्याच आवारात राहतात, आमच्याच मुलांबरोबर क्रिकेट खेळतात. ती नसतील तर मला हॉल नको, असं मी स्पष्ट सांगितलं. तळमजल्यावरचे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे एवढंच म्हटलं, "मी रोज येणार आहे. जबाबदारी माझी." विषय तिथंच मिटला.

अटी अशा पडल्या: प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, विजेपोटी महिन्याला ५०० रुपये आणि चावी रोज सचिवांकडे जमा. लेखी परवानगी १९ तारखेला हातात आली. म्हणजे अर्जापासून अडीच आठवडे. मे महिन्यात काही करायचं असेल तर मार्चअखेर अर्ज टाका.

मधल्या काळात वाचनालयाच्या मागे होते. गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा बाल विभाग चांगला आहे. मला वाटलं होतं, एकदम तीस-चाळीस पुस्तकांची पेटी महिन्यासाठी मिळेल. ग्रंथपाल बाई मनानं फार चांगल्या, पण नियम त्यांच्या हातात नव्हते. गटाला पुस्तकं द्यायची तर कार्यकारी मंडळाचा ठराव लागतो, आणि मंडळाची पुढची सभा कधी हे कोणालाच नक्की सांगता येईना. अर्ज ठेवून घेतला गेला. मी थोडी हिरमुसले, पण बाईंनीच वाट दाखवली: "मुलांना एकेकटं सभासद करा. एकाला एक पुस्तक. आपापसात बदलून घ्या, फक्त परत येताना दाखल क्रमांक जुळले पाहिजेत."

बाल सभासदासाठी फॉर्म, एक फोटो, पालकाची सही, पत्त्याचा पुरावा, २०० रुपये अनामत आणि महिन्याला ३० रुपये वर्गणी. अनामत परत मिळते, पण पावती दाखवली तरच. त्यामुळे सगळ्या पावत्या मी एका पाकिटात ठेवल्या. वॉचमनकाकांच्या मुलांचं घोडं पत्त्याच्या पुराव्याशी अडलं, कारण आधारवर लातूर जिल्ह्यातल्या गावाचा पत्ता. सचिवकाकांनी सोसायटीच्या लेटरहेडवर 'सदर कुटुंब येथे वास्तव्यास आहे' असं पत्र दिलं आणि वाचनालयानं ते चालवून घेतलं. अशी मुलं तुमच्याकडेही असतील, तर हे पत्र आधीच करून ठेवा. कार्ड हातात मिळाल्यावर वॉचमनकाकांची मुलगी कितीतरी वेळ त्यावरचं आपलं नावच बघत होती. मग हळूच विचारलं, "काकू, हे माझ्याकडंच ठेवायचं?"

एकेक पुस्तक पुरणार नव्हतं. त्यासाठी दोन फुकट वाटा सापडल्या. बालभारती १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. त्या उतरवून छापून घ्यायलाही परवानगी आहे. पहिल्या पातळीत पानावर एखादंच वाक्य असतं, चौथीत सलग मजकूर. मी काळ्या-पांढऱ्या प्रती काढून मधोमध शिवून टाकल्या. चित्रं रंगवायचं काम मुलांनी आपणहून घेतलं, आणि रंगवता रंगवता तीच गोष्ट चार-चार वेळा वाचून झाली.

त्या वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या होत्या. निकाल लागेपर्यंत कोणाचं लक्ष नव्हतं. सोमवारी, ५ मे रोजी सकाळी आठला सुरुवात केली. मला दहाला बँकेत पोचायचं असतं, म्हणून साडेनऊला बंद. उन्हाच्या दृष्टीनंही हीच वेळ बरी, आणि संध्याकाळ खेळायला मोकळी राहते. खेळाच्या वेळेवर वाचन कधीच ठेवू नका, मुलं पहिल्याच दिवसापासून वाचनाला वैरी समजतील.

रोज पहिली वीस मिनिटं गुरुजी मोठ्यानं वाचायचे. मुलं आडवी-तिडवी कशीही बसली तरी चालायचं. ते रंगात आलेल्या जागी थांबायचे आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून पाणी प्यायला जायचे. तेवढ्यात दोघं-तिघं टेबलापाशी पोचून पुढचं पान वाचत असायची! मग सगळ्यांनी आपापलं वाचायचं. आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यात सोडायची पूर्ण मुभा. 'तात्पर्य काय' विचारायचं नाही, 'काय शिकलास' तर मुळीच नाही. एका पालकांना हे रुचलं नाही. रोज प्रश्नोत्तरं लिहून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. मी म्हटलं, एक आठवडा बघू या. शनिवारी त्यांची मुलगी घरी जाऊन त्यांना अख्खी गोष्ट सांगत बसली, त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

एका मुलाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. पाचवीत जाणारा, पण अक्षर अक्षर लावून वाचणारा. जोडाक्षर आलं की थांबायचा आणि आजूबाजूला बघायचा, कोणी हसतंय का ते. सगळ्यांसमोर वाचायला त्याला एकदाही सांगितलं नाही. गुरुजींनी त्याला एक काम दिलं: पहिलीतल्या दोघांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची. त्या पुस्तकांत शब्द सोपे, आणि ऐकणारी दोघं अगदी भाविक. "दादा, परत वाच" म्हणायची. दादा परत वाचायचा. तिसऱ्या वाचनाला आवाज चढलेला असायचा. मोठं होऊन बाळबोध पुस्तकं वाचण्यातला कमीपणा त्या एका कामामुळे नाहीसा झाला.

लिहिण्याचं काम मला जास्त अवघड वाटत होतं. लिही म्हटलं की मुलं विचारतात, "किती ओळी?" निबंध नको हे नक्की होतं. मग जे कोणाला तरी उपयोगी पडेल किंवा कोणीतरी खरंच वाचेल, तेच लिहायचं ठरवलं. हरवलेल्या चपलेची सूचना लिहून जिन्यात लावली (चप्पल सापडली). आईला विचारून पन्ह्याची कृती लिहिली. कालच्या मॅचचा वृत्तांत लिहिला, आणि त्यावर जो वाद झाला त्यामुळे दुसऱ्या बाजूचाही वृत्तांत आला. पण सगळ्यात चाललं ते पोस्टकार्ड.

कार्ड अजूनही ५० पैशाला मिळतं. मी शंभर मागायला गेले तर खिडकीवर तेवढी नव्हतीच. "साठा मागवतो, चार दिवसांनी या." चार दिवसांनी मिळाली, शंभर कार्डांचे पन्नास रुपये. तेव्हा आधी चौकशी करून ठेवा.

मुलांनी पोस्टकार्ड पाहिलेलंच नव्हतं. एका बाजूला पूर्ण मजकूर, दुसरीकडे अर्ध्यात पत्ता, पिनकोडाला सहा चौकोन. पहिल्याच कार्डावर एकीनं 'प्रिय आजी, तू कशी आहेस' एवढ्यातच अर्धं कार्ड भरवलं आणि मग उरलेल्या जागेत मजकूर कोंबत गेली. शेवटची ओळ कडेनं वर चढून 'प्रिय'पाशी पोचली! म्हणून दुसऱ्या दिवसापासून आधी वहीत कार्डाएवढा चौकोन आखून कच्चं लिहायचं ठरलं. काय ठेवायचं, काय गाळायचं हा विचार तिथं आपोआप सुरू झाला.

पिनकोडावर एक अख्खी सकाळ गेली. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी होते, संस्कृतचे मोठे विद्वान, हे गुरुजींनी सांगितलं. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून ४. मग मुलं पत्ते जुळवत बसली. आमचा साताऱ्याचा ४१५००१, एकाच्या मावशीचा रत्नागिरीचा ४१५६१२. "काकू, जिल्हा वेगळा मग ४१५ सारखंच कसं?" कारण पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी जिथं होते तो भाग सांगतात, जिल्ह्याची हद्द नव्हे. मला स्वतःलाही हे त्या दिवशीच नीट कळलं. लातूरकडचं कार्ड ४१३ चं निघालं.

पत्रं टाकताना एक काळजी घ्या. ज्यांना पत्र जाणार त्यांना आधी फोन करून सांगा की उत्तर कार्डावरच पाठवा, व्हॉट्सॲपवर नको. आम्ही ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी पत्राचा फोटो काढून "मस्त!" एवढंच पाठवलं, आणि मूल पोस्टमनची वाट बघत राहिलं. ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मुलं कमी व्हायला लागली. कोणी मामाकडे, कोणी कोकणात. इतकी खटपट केली आणि आता हॉलमध्ये मोजकीच डोकी, याचं वाईट वाटलं. जाणाऱ्यांच्या पिशवीत मग एक पुस्तक आणि सोसायटीचा पत्ता लिहिलेली चार कार्डं घालायला लागलो. वाचनालयाचं पुस्तक गावी द्यायचं नाही, हरवलं तर किंमत भरावी लागते. आपल्या शिवलेल्या प्रती द्यायच्या. कार्डं यायला लागली आणि हॉलच्या फळ्यावर लावली जाऊ लागली. एकानं लिहिलं होतं, 'इथे रेंज नाही म्हणून मी दोन गोष्टी वाचल्या. म्हैस व्याली. रेडकू झाले. ते लगेच उभे राहिले.' गुरुजींनी ते कार्ड सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, याला म्हणतात लिहिणं.

शनिवारी, १७ मे रोजी भिलारला गेलो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचं हे पुस्तकांचं गाव, मे २०१७ मध्ये राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकारानं सुरू झालेलं. आधी एसटीच्या प्रासंगिक करारावर पूर्ण गाडी घ्यायची चौकशी केली, पण आमच्या संख्येला ती परवडेना. साधी महाबळेश्वर गाडी धरली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं तिकीट आणि बायका-मुलींना महिला सवलतीमुळे निम्मं, त्यामुळे पूर्ण तिकीट फक्त गुरुजींबरोबर आलेल्या दोन बाबांचंच पडलं. गुरुजींनाही ज्येष्ठ म्हणून सवलत मिळाली. ओळखपत्रं बरोबर ठेवा. प्रवासाचं संमतिपत्र वेगळं घ्या, त्यात मुलाची औषधं आणि गाडी लागते का हे विचारा. पसरणीच्या घाटात त्याचा उपयोग झाला.

सातारा स्टँडवर गाडीला उशीर झाला. तेवढ्या वेळात अक्षरं लावून वाचणारा आमचा मुलगा पाट्या वाचत सुटला. 'विनाथांबा', 'मार्गे वाई', 'स्वारगेट'. 'स्वा' त्याला दोनदा अडला, तिसऱ्यांदा जमला, आणि मग प्रत्येक येणारी स्वारगेट गाडी त्यानं जाहीर केली. कंडक्टरकाकांनी हसून त्याला विचारलं, "नोकरी देऊ का रे?"

भिलारमध्ये लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकांची कपाटं आहेत. कुठल्या घरात कुठल्या प्रकारची पुस्तकं ते बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. बसून वाचायला पैसे लागत नाहीत. पुस्तकं मात्र तिथंच वाचायची. 'कुणाच्याही घरात असं जायचं?' म्हणून मुलं आधी उंबऱ्याशी घुटमळली. घरातल्या आजींनी "या की आत, पाय धुवून घ्या" म्हटल्यावर जी आत शिरली ती जेवायला बोलावूनही उठेनात. एक सूचना: सगळी घरं बघायच्या नादी लागू नका. एखाददोन घरं निवडा आणि तिथं निवांत बसा. दुपारी पावसानं गाठलं, आणि ओसरीवर बसून वाचण्याचं सुख मुलांना आयतं मिळालं.

त्या मे महिन्यात पावसानं लवकरच ठाण मांडलं. महिनाअखेरीला तर मोसमी पाऊसच आला, नेहमीच्या कितीतरी आधी. खेळ बंद, वीज सारखी जाते. मुलं दुपारीही हॉल मागायला लागली. समितीनं तोंडी परवानगी दिली, तरी मी दोन ओळी लिहून सही घेतली. याच दिवसांत मुलांच्या लेखनाचा हस्तलिखित अंक आकाराला आला. नावावरून खूप भांडण झालं आणि मतदान घेऊन 'पागोळी' ठरलं.

मुलांच्या वह्यांत लाल पेन चालवायचं नाही हे पहिल्यापासून पाळलं होतं. पण अंकात जाणारं लेखन लोक वाचणार, तेव्हा ते शुद्ध हवं, असं मुलांनीच ठरवलं. मग ऱ्हस्व-दीर्घ विचारायला रांग लागली. वॉचमनकाकांच्या मुलीचं अक्षर सगळ्यात सुबक, म्हणून पक्की प्रत तिच्याकडे. तिनं संपादकाचा अधिकार पुरेपूर बजावला. खाडाखोड असलेला कागद ती घ्यायचीच नाही, मग तो सचिवकाकांच्या नातवाचा का असेना.

बत्तीस पानं झाली. पाठपोट झेरॉक्स केल्या, वीस प्रतींचे सुमारे हजार रुपये लागले. मुखपृष्ठ प्रत्येक प्रतीला हातानं रंगवलेलं. ८ जूनच्या रविवारी आजी-आजोबांसमोर मुलांनी आपापलं लेखन वाचलं. पाट्या वाचणाऱ्या मुलानं 'सातारा ते भिलार' वाचलं. एका जागी अडला, थांबला, ते वाक्य पहिल्यापासून घेतलं आणि पुरं केलं. त्याच्या आईचे डोळे भरून आले, आणि माझेही.

त्याच आठवड्यात लातूरकडून कार्ड आलं. वॉचमनकाकांच्या मुलीच्या आजीला लिहिता-वाचता येत नाही. गावातल्या अंगणवाडीताईंनी नातीचं पत्र तिला वाचून दाखवलं होतं आणि तिनं सांगितलं तसं उत्तर लिहून पाठवलं होतं: 'तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. ताई कंटाळली. आता दुसरं पाठव.' दुसरं त्याच दिवशी गेलं.

खर्चाचा हिशेब भिंतीवर लावला. अनामत सोडून प्रत्येक घरामागे ३०० रुपये घेतले होते. त्यात वीज, वर्गणी, छपाई, कार्डं आणि अंक बसला. भिलारचं भाडं ज्याचं त्यानं दिलं. ज्यांना जमणार नव्हतं त्यांचे पैसे दोन घरांनी न बोलता भरले. कोणी भरले आणि कोणाचे भरले, हे मात्र भिंतीवर लिहिलं नाही.

१६ जूनला शाळा उघडल्या. अनामत परत घ्यायला वाचनालयात गेले तेव्हा बहुतेक मुलांनी कार्डं चालू ठेवायची म्हणून आईबाबांकडे हट्ट धरलेला होता, त्यामुळे थोड्याच पावत्या वटवल्या. त्याच दिवशी ग्रंथपाल बाईंनी एक कागद पुढे केला. एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जावर मंडळाचा ठराव झाला होता: पंचवीस पुस्तकांची पेटी, दर महिन्याला बदलून, जबाबदार व्यक्ती म्हणून गुरुजींची सही. म्हणून म्हणते, नाही म्हणाले तरी अर्ज ठेवूनच या. पेटीसाठी सोसायटीचं एक पत्र लागलं, ते सचिवकाकांनी त्याच संध्याकाळी दिलं, आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी हॉलचा अर्जही मी तेव्हाच त्यांच्या हातात ठेवला. या वेळी त्यांनी न मागता पोहोच दिली.